‘कळवतो’ म्हणून उठलो होतो

वाचकहो, सिनेमावर काही लिहायला बसलो की आमच्या अम्मी तसबीहचा मणी बोटात धरून आमच्याकडे पाहतात. बोलत काही नाहीत. त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे नाचगाणे, आणि ज्याच्यापुढे रोज पोरे बसतात त्या मास्तराने तिकडे फिरकू नये. अम्मींचे सगळेच चुकते असेही नाही. पण मागे एकदा इंदापूरला, आमच्या आपाच्या घरी, त्यांनी आमच्याबरोबर एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. तसबीह मांडीवर तशीच पडून राहिली. त्या रात्री जे झाले ते सांगायचे आहे. पण त्याआधी आणखी दोन सिनेमांचे सांगतो, कारण तिन्हींची गोष्ट आमच्या डोक्यात एकमेकींत गुंतली आहे.

हे सिनेमे नात्यांचे आहेत. मोठे हिरो-हिरॉइन नसलेले, हसवत हसवत घरातली गोष्ट सांगणारे. असे सिनेमे पाहताना आम्हाला एक खोड लागली आहे. हसू आले की आम्ही मनात विचारतो, आपण नक्की कुणाला हसलो?

पहिला सिनेमा परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’. तो २०१४ साली आला. आम्ही तो आमच्या सातवीच्या मुलांना मराठीच्या तासाला दाखवला. शाळा उर्दू माध्यमाची, मुले घरी दखनी बोलणारी. मराठी कानावर पडावी एवढाच हेतू. पण गोष्ट त्यांना परकी नव्हती. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. आमची पोरे रस्त्याकडेला उभी राहून वारकऱ्यांना पाण्याचे ग्लास देतात, आणि ही वाट पुढे पंढरपूरला पोचते एवढे त्यांना ठाऊक असते. सिनेमा त्या पंढरपुरातला आहे, कार्तिकीच्या दिवसांतला.

गोष्ट एवढीच. वडील नाहीत. आई मशिनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकते आणि मशिन जाते. ते सोडवायला पैसे हवेत, आणि घरात विकण्याजोगी वस्तू एकच, वडिलांनी मुलासाठी बनवलेली सायकल. तिचे नाव एलिझाबेथ. ती वाचावी म्हणून ज्ञानेश आणि त्याची बहीण झेंडू आईला न सांगता यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. मुले पोट धरून हसली. सिनेमा संपला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, इनो अम्मी को बोले क्यूं नहीं? और अम्मी इनको पूछी क्यूं नहीं?” या मुलाचे वडील गॅरेजमध्ये कामाला होते आणि त्याच वर्षी त्यांची रिक्षा विकली गेली होती, हे आम्हाला नंतर समजले. रिक्षा विकली जाणार हे त्याला ती गेल्यावरच कळले होते. घरात पैशाची अडचण आली की आपण मुलांना सांगत नाही. मुलांना काय वाटते तेही विचारत नाही. आपल्याला वाटते, त्यांना जपतो आहोत. त्या मुलाचा प्रश्न आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

दुसरा सिनेमा मालेगावचा. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद, आणि त्या दिवशी सिनेमाला गर्दी. तिथे नासिर शेख नावाच्या माणसाचा व्हिडिओ पार्लर होता. २००० साली त्यांनी मित्रांना जमवून ‘मालेगाव के शोले’ बनवला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. नट सगळे गावातले. या मंडळींना क्रेन परवडत नव्हती, म्हणून बैलगाडीचा उपयोग केला. कॅमेरा पळता हवा होता, तर सायकल कामाला आली. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावरचा सडपातळ कामगार. फैजा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ साली केला. शफीक नंतर तोंडाच्या कर्करोगाने वारले.

याच मंडळींवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ काढला. तो मोठ्या कंपनीचा आहे, नटही नावाजलेले आहेत. पण ज्यांची गोष्ट आहे ते मात्र पदरमोड करून सिनेमा बनवणारे होते. तो २८ फेब्रुवारी २०२५ ला लागला. ७ मार्चला ‘स्थळ’ आला, ज्याच्याविषयी पुढे सांगतो. मधल्या २ मार्चला रमजानचा पहिला रोजा. रोजे, तरावीह, शाळेतली कामे यांत महिना गेला, ३१ मार्चला ईद झाली आणि थिएटरात जाणे राहूनच गेले. दोन्ही सिनेमे आम्ही पुढे घरीच पाहिले.

मालेगावच्या सिनेमात आम्हाला सर्वांत आधी काय आवडले असेल, तर त्यातली माणसे आपली आहेत आणि त्यांना कुणापुढे काही सिद्ध करायचे नाही. आपण पडद्यावर दिसतो तेव्हा एक तर शेरवानी घालून शेर म्हणत असतो, नाहीतर पोलीस मागे लागलेले असतात. मराठीतही राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ २०१७ साली आला, तेव्हा आपले घर दिसले खरे, पण तलाकच्या वादात सापडलेले. इथे मात्र मित्र आहेत. चहाच्या टपरीवर भांडणारे, एकमेकांच्या उसनवारीत अडकलेले, सिनेमाच्या वेडाने झपाटलेले.

पण हसवणारा हा सिनेमा मधेच थबकवतो. नासिरचे नाव होते आणि मित्र दुरावतात. ज्याने लिहिले त्याला वाटते, आपले नाव कुठे आहे? आणि शफीक, जो पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, सामान उचलतो, पडेल ते काम करतो, त्याला पडद्यावर यायचे आहे. हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला कुणी विचारलेलेच नसते. आजार उघड झाल्यावर विचारले जाते. आमचाही असा एक मित्र होता. बारामतीला डी.एड.च्या दिवसांत एका खोलीत राहिलो. आमच्या सगळ्या कामांना तो धावला, आणि त्याला काय हवे हे आम्ही कधी विचारले नाही. सिनेमा संपल्यावर रात्री अकरा वाजता त्याला फोन केला. तो घाबरून म्हणाला, “क्या हुआ? सब खैरियत?” अकराला फोन आला म्हणजे कुणीतरी गेले असेच त्याला वाटले. नुसते हालहवाल विचारायला आम्ही किती वर्षांत फोन केला नव्हता, ते त्यावरून ओळखा.

आता तिसरा, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

‘स्थळ’ जयंत दिगंबर सोमलकर यांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच लोकांना घेऊन केलेला. यातले बहुतेक जण पूर्वी कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले नाहीत. २०२३ च्या टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. गोष्ट सविताची. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात समाजशास्त्र शिकते, आणि घरी तिला पाहायला माणसे येत राहतात.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही अम्मी आणि घरच्यांना घेऊन एस.टी.ने इंदापूरला गेलो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. जाण्याचे कारण सिनेमा नव्हता. भाचीसाठी रिश्ता सांगून आला होता, रविवारी पाहुणे येणार होते, आणि आपाने मामू म्हणून आम्हाला बोलावले होते. भाची एकवीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घरात पडदे धुतलेले, कपाटातले काचेचे ग्लास बाहेर काढलेले. रात्री जेवण झाल्यावर भाचीनेच टीव्हीवर ‘स्थळ’ लावला. “मामू, तुम्ही सिनेमावर लिहिता ना? मग हा बघा,” म्हणाली. तिने तो मुद्दाम लावला होता, हे आम्हाला फार उशिरा समजले.

सुरुवातीलाच एक गंमत आहे. मुलीकडची मंडळी, सगळ्या बायका, बैठकीत बसल्या आहेत आणि मुलाला समोर आणून बसवतात. खाली मान घालून तो उत्तरे देतो. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. आपा तोंडाला पदर लावून हसली. दुल्हाभाई हसले. अम्मीसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, “अरे, शरमा रहा देखो.” मग कळते की हे सविताचे स्वप्न आहे, आणि तिला उठवायला कुणीतरी आले आहे, कारण खरे पाहुणे आले आहेत.

मग तेच सगळे, पण खरे. तोच पाट, तोच चहा, तेच पोहे. तेच प्रश्न. सविता नाव सांगते, उंची सांगते, आवड सांगते. पाहुणे जातात. काही दिवसांनी दुसरे येतात. पुन्हा नाव, पुन्हा उंची. पहिल्या वेळी आम्ही हसलो. दुसऱ्या वेळीही हसलो, कारण सगळे शब्द तेच होते. तिसऱ्या वेळी खोलीत कुणी हसले नाही. सिनेमाने काहीही बदलले नव्हते. आमच्या लक्षात यायला दोन फेऱ्या लागल्या, एवढेच. आणि गंमत पाहा, कॉलेजात तिला स्त्री-सबलीकरण शिकवतात. आम्ही शिक्षक असल्यामुळे तो प्रसंग आम्हाला जास्तच टोचला. फळ्यावर आपण काय लिहितो आणि घरी जाऊन काय करतो!

शेवट सांगत नाही. तो सविताच्या चेहऱ्यावर आहे, आणि तो चेहरा ज्याचा त्याने पाहावा.

टीव्ही बंद झाला. भाची आमच्याकडे वळून म्हणाली, “मामू, छोट्या मामूंसाठी तुम्ही मुलगी बघायला गेला होतात ना, तेव्हा तुम्ही पण असंच विचारलं होतं का?”

आपाने तिला डोळ्यांनी दटावले. पण प्रश्न विचारून झाला होता.

हो, विचारले होते. त्याला आता नऊ-दहा वर्षे झाली. धाकट्या भावासाठी आम्ही याच इंदापुरात, चांदशाहवली दर्ग्यापासून फार लांब नसलेल्या एका घरी गेलो होतो. आम्ही, घरच्या, आपा आणि आमच्या फुफी. मुलीचे वडील सायकल दुरुस्तीच्या दुकानातून लवकर घरी आले होते. हात घासून धुतलेले, तरी नखांत काळे राहिलेले. मुलगी डोक्यावरून ओढणी घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. फुफींनी तिला पाणी आणायला सांगितले. तहान कुणालाच नव्हती. चाल पाहायची होती. मग आमची पाळी. प्रश्न विचारणे हा आमचा पेशाच. आम्ही टक्केवारी विचारली, उर्दू येते का विचारले, आणि टीपॉयवरचे वर्तमानपत्र पुढे करून म्हणालो, “जरा वाचून दाखव.” तिने वाचले. न अडखळता वाचले. एका शब्दाचा उच्चार आम्ही सुधारलासुद्धा.

उठताना आम्ही म्हणालो, “कळवतो.”

मुलगी छान होती. पण फुफींना रंग थोडा सावळा वाटला, मग दुसरीकडचे एक ठिकाण पुढे आले, आणि भावाचे तिकडे ठरले. तिच्या वडिलांचा फोन दोनदा आला. आम्ही शाळेत होतो. नाव दिसत होते. आम्ही तो वाजू दिला. नाही म्हणायची लाज वाटत होती, म्हणून आम्ही काहीच म्हणालो नाही.

हे सगळे त्या रात्री आम्ही भाचीला सांगितले. अम्मी ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मुझे तो देखने बी कोई नहीं आया था. निकाह के दिन वकील आके पूछे, कबूल है? मैं क्या बोलती? बाहर देगां चढ़े थे.”

वाचकहो, आम्ही अम्मींच्या या वाक्यापाशी थांबलो. आपल्याकडे निकाहात मुलीची रजामंदी लागते. वकील आणि दोन साक्षीदार तिच्याकडे जातात, मेहर सांगतात, तिला विचारतात. हा तिचा हक्क आहे, कुणी उपकार करत नाही. पण आपण तो प्रश्न केव्हा विचारतो? पत्रिका वाटून झाल्यावर, मंडप पडल्यावर, बिर्याणीच्या देगी चुलीवर चढल्यावर. ज्या क्षणी ‘नाही’ म्हणणे अशक्य होते, नेमका त्या क्षणी आपण विचारतो, आणि ती गप्प राहिली की त्यालाच होकार समजतो. त्याआधी तिला शंभर प्रश्न विचारलेले असतात. उंची, रंग, टक्के, स्वयंपाक. तुला हा माणूस मंजूर आहे का, हा एक तेवढा शेवटासाठी ठेवलेला. आपल्या दीनने मुला-मुलीला एकमेकांना पाहण्याची मुभा दिली आहे. आपण मात्र मुलाच्या फुफीला पाठवतो आणि मुलीच्या हातात मोबाइलवरचा एक फोटो ठेवतो.

‘स्थळ’मधले घर आपले नाही. त्यांच्या पत्रिका वेगळ्या, जात विचारायची रीत वेगळी. पण ती खुर्ची, तो चहा आणि ती खाली घातलेली मान आमच्या घरातून उचलून नेली आहे असे वाटत होते.

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आधी आम्ही बाहेर पडलो. सायकलचे दुकान त्याच जागी होते. आता दारात दोन-तीन मोटारसायकलीही उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला लगेच ओळखले. आम्ही काय बोलणार होतो ते रस्ताभर जुळवले होते, पण तोंडातून एवढेच निघाले, “चाचा, तेव्हा आम्ही कळवले नाही. चुकलो. माफ करा.”

त्यांनी पान्हा खाली ठेवला. म्हणाले, “मास्तर, फोन आला नाही तेव्हा पंधरा दिवसांत समजलो आम्ही. मुलीची अम्मी नाही समजली. महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपायची.” मग पोराला हाक मारून चहा सांगितला. मुलीचे लग्न अकलूजकडे झाले आहे. ती शाळेत शिकवते, दोन मुले आहेत. “अच्छा है उसका,” ते म्हणाले. आम्ही चहा प्यायलो. तो घशाखाली उतरवताना फार वेळ लागला.

परत आलो तोवर अकरा वाजत आले होते. आपाला म्हणालो, मुलाला बरोबर आणा असा निरोप दे. दुल्हाभाई आधी कचरले. पाहुणे काय म्हणतील? पण निरोप गेला आणि मुलगाही आला. बैठकीत सगळ्यांच्या समोर, अम्मी शेजारी बसलेल्या असताना, भाचीने त्याला दोन गोष्टी विचारल्या. लग्नानंतर एम.एस्सी. करता येईल का? आणि तुम्हाला हे लग्न तुमच्या मनाने करायचे आहे, की घरचे म्हणतात म्हणून? दुसऱ्या प्रश्नाला तो मुलगा गोंधळला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, आणि अम्मी गालातल्या गालात हसल्या. आम्हाला आदल्या रात्रीच्या सिनेमातला तो खाली मान घातलेला मुलगा आठवला. पण या वेळी हसू त्याच्यावर नव्हते. त्यालाही आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारले होते, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

उठताना पाहुणे म्हणाले, “कळवतो.”

आपाने आमच्याकडे पाहिले. आम्ही दारापर्यंत गेलो आणि मुलाच्या वडिलांचा हात हातात घेऊन म्हणालो, “भाईसाब, होय असेल तर कळवाच. नाही असेल तरी कळवा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही. आमची मुलगीही आठ दिवसांत तिचा निर्णय सांगेल.” त्यांनी एकदा आमच्याकडे, एकदा आपाकडे पाहिले आणि मान हलवली.

बुधवारी फोन आला. भाचीला हे लिहिलेले दाखवले तेव्हा तिने एकच सांगितले, होय आले की नाही ते मासिकात लिहू नका मामू. तिचा शब्द ठेवतो. फोन आला, एवढे मात्र लिहितो.

अम्मी परवा आम्हाला विचारत होत्या, असा आणखी एखादा सिनेमा आहे का. आम्ही ‘एलिझाबेथ एकादशी’ लावून द्यायचे कबूल केले आहे. आणि वाचकहो, तुमच्यापैकी कुणी कुठल्या घरी ‘कळवतो’ म्हणून उठून आला असाल, तर हे पान मिटल्यावर तेवढा एक फोन करा.